मंगलचा पाचवा फाऊल

राहुरी तालुक्यात साखर कारखान्याला लागून असलेल्या एका शाळेत मी एकोणतीस वर्षं खेळ शिकवला. हजेरीपत्रकात माझं पद ‘क्रीडाशिक्षिका’ असं होतं, गावात मात्र मी ‘शिट्टीवाल्या साळवेबाई’. पी.टी.चा शिक्षक म्हणजे प्रार्थनेला रांगा लावणारा, पंधरा ऑगस्टचं संचलन बसवणारा आणि गणिताचे सर रजेवर गेले की त्यांचा वर्ग गप्प ठेवणारा माणूस, असा समज तेव्हा होता. तो आजही फारसा बदललेला नाही. या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा आधी जिंकलेल्या ढाली डोळ्यांपुढं आल्या. पण त्या शाळेच्या कपाटात आहेत, कुणीही जाऊन मोजाव्यात. मला लिहावंसं वाटलं ते एका हरलेल्या सामन्याबद्दल आणि त्यात माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल.

बास्केटबॉल मी मिशनच्या बोर्डिंगात शिकले. नोकरीला लागले तेव्हा शाळेत खो-खो होता, कबड्डी होती, बास्केटबॉल म्हटलं की हेडमास्तर विचारायचे, “जागा किती लागेल?” शेवटी व्हॉलीबॉलच्या मैदानाशेजारी मुरूम टाकून, रोलर फिरवून आम्ही कोर्ट केलं. रिंगा कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या एका फिटरनं वाकवून दिल्या. माप देऊनही त्या थोड्या लहान झाल्या. जाळी मिळेना, तेव्हा मुळा धरणावर मासे धरणाऱ्या एकाकडून जुनं जाळं आणून बांधलं. लहान रिंगेवर सराव केल्यामुळं आमच्या मुलींचा नेम इतका पक्का झाला, की बाहेरगावी नेहमीच्या मापाची रिंग पाहिली की त्या म्हणायच्या, “बाई, हे तर घमेलं हाय.”

कपड्यांवरून वाद झाले. अर्ध्या चड्डीत मुली खेळणार म्हटल्यावर तीन घरांतून निरोप आले. मग मी गुडघ्याखाली जाणाऱ्या पँटी शिवून घेतल्या आणि आयांना सरावाला बोलावलं. त्या आल्या, कोर्टाच्या कडेला बसल्या, आणि दुसऱ्या आठवड्यात “अगं, पास दे की तिला” असं ओरडायला लागल्या. तिथं तो वाद संपला.

नव्वदचं दशक निम्म्यावर आलं तोवर आमचा मुलींचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचायला लागला होता. तिथं दरवर्षी समोर एकच संघ असायचा. नगर शहरातल्या एका मोठ्या शाळेचा. त्यांचं कोर्ट सिमेंटचं, बूट पांढरे. त्यांचे प्रशिक्षक काळे सर उंच, कडक, आवाज असा की मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जावा. त्यांच्या शाळेची मुलं आम्हाला बघून “ऊस आला, ऊस आला” म्हणायची. आमची मुलंही गप्प बसणारी नव्हती. हे एवढं चालायचंच. पण कोर्टावर जे चालायचं ते वेगळं होतं.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी सांगते. बास्केटबॉलमध्ये अंगाला अंग लागतं, पण ढकलायचं नसतं, धरायचं नसतं. तसं केलं तर फाऊल. एका खेळाडूचे पाच फाऊल झाले की ती बाहेर, उरलेला सामना तिनं बाकावर बसून बघायचा. रिंगेत बॉल टाकताना कुणी धक्का दिला तर जिला धक्का बसला तिला दोन मोकळे नेम मिळतात, त्याला फ्री थ्रो म्हणतात. हे सगळं पंचांना दिसलं तर. पंच दोन. एक रिंगेच्या बाजूला रेषेबाहेर उभा, दुसरा मागून धावत येणारा. रिंगेखाली गर्दी झाली की दोघांनाही पाठी दिसतात. कमरेच्या खाली काय चाललंय ते दिसत नाही. शर्ट धरणं, पायावर पाय देणं, कोपर बरगडीत घालणं, सगळं तिथं चालतं.

त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात नगरच्या एकीचं कोपर आमच्या कुंदाच्या तोंडावर बसलं. खालचा ओठ फाटला, टाके पडले. पंचांची शिट्टी वाजली नाही. आम्ही हरलो. सामना संपल्यावर मी काळे सरांकडं गेले तेव्हा ते बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, “बाई, हा खेळ आहे. हळदीकुंकू नाही.”

ते वाक्य मी वर्षभर घेऊन फिरले.

पुढच्या जूनमध्ये सराव सुरू झाला तेव्हा मी मंगल शेळकेला बाजूला घेतलं. मंगल नववीत होती. वडील कारखान्यात ट्रॅक्टर चालवायचे. अंगानं भक्कम, बोलायला कमी, आणि सांगितलेलं शब्दाला शब्द करणारी मुलगी. नगरच्या संघात रेश्मा जगताप नावाची मुलगी होती, तीही नववीतली. बारीक, चपळ, आणि रिंगेपाशी अशी उडी घ्यायची की तिला अडवणं कुणाला जमत नसे. तिच्यासाठी मी मंगलला तयार केलं.

“ती उडी मारेल तेव्हा तू मारू नकोस,” मी सांगितलं. “हात सरळ वर ठेव, पंचांना हातच दिसले पाहिजेत. आणि कंबर तिच्या खाली सरकव.”

मंगलनं थोडा विचार केला. “पडंल की बाई ती.”

“पडली तर पडली. कुंदाचा ओठ विसरलीस का?”

आम्ही महिनाभर तो डाव बसवला. पंच कुठं उभा असेल, तेव्हा तू कुठल्या बाजूला असायला हवंस, हे मी मुरमावर काठीनं रेघा ओढून समजावलं. खोटं कशाला बोलू, शिकवताना मला मजा येत होती. काळे सरांना त्यांच्याच भाषेत उत्तर द्यायचं होतं.

सप्टेंबरमध्ये अंतिम सामना झाला, नगरलाच, सिमेंटच्या कोर्टावर. आमच्या शाळेतून एस.टी. भरून मुलं आली होती. सामना पहिल्यापासून अंगावरचा झाला. दोन्हीकडून ओढाओढी. मंगलचे चार फाऊल झाले होते, आणि शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणानं पुढं होतो. बॉल रेश्माकडं आला. ती डावीकडून घुसली, दोघींना चुकवून रिंगेखाली आली आणि उडाली. मंगल बरोबर जागेवर होती. हात वर. कंबर सरकली.

रेश्मा हवेतच आडवी झाली आणि उजव्या हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. बॉल तिच्या हाताला लागून बाहेर गेला होता. त्या बाजूचे पंच एका बँकेत कारकून होते, प्रामाणिक माणूस, पण त्यांना पाठीच दिसल्या होत्या. त्यांनी आमच्या बाजूनं हात केला. बॉल आमचा.

रेश्माला कडेला नेलं. ती रडत नव्हती, नुसती हात पोटाशी धरून बसली होती. तिच्याकडं बघत मंगल तिथंच उभी राहिली. मी ओरडले, “मंगल, जागेवर जा.” ती जागेवर गेली नाही. पंचांकडं गेली. काय बोलली ते त्या गोंगाटात ऐकू आलं नाही. पंचांनी नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, “सर, तिला मी पाडली. मुद्दाम पाडली.”

पंचांनी विचारलं, “नक्की?” तिनं मान हलवली. त्यांनी शिट्टी वाजवून फाऊल दिला. मंगलचा पाचवा. ती येऊन बाकाच्या टोकाला बसली, माझ्यापासून लांब. रेश्माच्या जागी आलेल्या मुलीनं दोन्ही फ्री थ्रो टाकले. आम्ही एका गुणानं हरलो.

परतीच्या एस.टी.त कुणी गाणी म्हटली नाहीत. विळद घाट उतरल्यावर मी मंगलच्या शेजारी जाऊन बसले आणि मनात होतं ते विचारलं. “तुला कुणी सांगितलं होतं पंचांकडं जायला?”

तिनं खिडकीबाहेरच बघत उत्तर दिलं. “धक्का द्यायला तुमीच सांगितलं हुतं बाई. दिल्यावर सांगायचं न्हाई, असं कुटं सांगितलं हुतं?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. तिला खरंच तसं वाटलं होतं. मी उठून माझ्या जागेवर गेले.

सोमवारी हेडमास्तरांनी मला बोलावलं. ऑफिसात ढालीसाठी त्यांनी जागा करून ठेवली होती. “पंचांनी पाहिलं नव्हतं म्हणता, मग त्या मुलीला काय गरज होती?” त्यांनी विचारलं. माझ्याही मनात दोन दिवस तेच होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात मंगल माझ्याकडं आली. “तिला बघाया जायचंय,” म्हणाली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी निघालो. रेश्माचं घर नागापूरला होतं, एमआयडीसीच्या मागं. वडील तिथल्या एका कारखान्यात लेथ मशिनवर कामाला. आम्ही पेरूंची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिलो. तिच्या आईनं दार उघडलं, आम्ही कोण ते कळल्यावर क्षणभर थांबली, मग “या” म्हणाली.

रेश्मा कॉटवर बसली होती, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. मंगल तिच्यापुढं उभी राहून म्हणाली, “मी चुकले.” रेश्मा म्हणाली, “मला माहितीय. तू सांगितलंस ते मला ऐकू आलं.” मग दोघींना पुढं काय बोलावं ते सुचेना. शेवटी रेश्मानं विचारलं, “तुमची रिंग खरंच लहान आहे का?” आणि दोघी बोलायला लागल्या.

पहिली पाळी संपवून जगताप घरी आले. ठेंगणा, गंभीर माणूस, बोटांच्या रेषांत काळं तेल बसलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मंगलला म्हणाले, “खेळात होतं पोरी. तू कबूल केलंस, लई मोठी गोष्ट केलीस. पण आमच्या हिचा खेळ आता बास. उजवा हात आहे. पुढं दहावी आहे.” रेश्मा खाली मान घालून प्लास्टरच्या कडेचा कापूस ओढत राहिली.

तिच्या आईनं पोहे पुढं केले. मंगलच्या पाठीवर हात ठेवून ती मला म्हणाली, “किती सरळ मुलगी आहे. बाई, वळण चांगलं लावलंय तुम्ही.”

मी पोह्याचा घास घेतला. मंगल तिच्या बशीकडं बघत होती. ती एक शब्द बोलली असती तर सगळं उघड झालं असतं. ती बोलली नाही. मीही बोलले नाही. “येतो आम्ही” म्हणून निघालो आणि रस्त्यावर येऊन राहुरीची गाडी पकडली.

पुढचा आठवडा मला नीट जेवण गेलं नाही. मैदानावर शिट्टी तोंडात धरायची आणि वाजवायचं विसरायचं, असं दोनदा झालं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनं भरल्या मैदानात जे केलं, ते मला चार माणसांच्या खोलीत करता आलं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी एकटी नागापूरला गेले.

जगताप दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. “तुमच्या मुलीला पाडायचं मी शिकवलं होतं. महिनाभर सराव घेतला त्याचा. मंगलला माझ्यामुळं कबुली द्यावी लागली. हे मला त्याच दिवशी सांगायचं होतं, जमलं नाही.”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मग जगताप हळू आवाजात म्हणाले, “आमच्याकडं मशिनवरचं हात वाचवायचं गार्ड काढून काम करायला लावणारे सुपरवायझर असतात. माल लवकर निघतो. हात जातो तो कामगाराचा. मग सुपरवायझर घरी येतो, चहा पितो, हळहळतो आणि जातो.”

“मी चहा प्यायला नाही आले,” मी म्हणाले.

“ते दिसतंय,” ते म्हणाले. “बसा.”

बसल्यावर मी त्यांना रेश्माचा खेळ बंद करू नका म्हणून विनवलं. अशी उडी घेणारी मुलगी मी माझ्या नोकरीत दुसरी पाहिलेली नव्हती, आणि तसं सांगितलंही. त्यांनी विचारलं, “परत पाठवली आणि परत पडली तर?”

“पडणारच नाही असं मी सांगू शकत नाही. मुद्दाम कुणी पाडणार नाही, एवढं सांगू शकते. तेही फक्त माझ्या मुलींचं.”

त्यांनी आत बघितलं. दाराआड रेश्मा उभी होती. “बघू,” ते म्हणाले. “पाठवलीच, तर त्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसणार. तुमच्या बाकावर. तुम्ही मुलींना काय सांगता ते मला ऐकायचंय.”

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी काळे सरांना त्यांच्या घरी गाठलं. भांडण होईल अशी तयारी ठेवली होती. त्यांना सगळं सांगितल्यावर ते थोडा वेळ टेबलावरच्या शिट्टीशी चाळा करत राहिले. “मी शिकवत नाही बाई,” म्हणाले. “पण थांबवतही नाही. मुली करतात, पंच बघत नाहीत, मीही बघत नाही.” मग म्हणाले, “तुमच्या त्या कुंदाचा ओठ बरा आहे ना?” वर्षभरानंतर का होईना, त्यांनी विचारलं.

आमच्या मुलींना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. सरावाआधी त्यांना कोर्टावर बसवलं आणि मी मंगलला काय शिकवलं होतं, ते का चूक होतं, ते सगळं सांगितलं. त्या गोंधळल्या, बाईंनी चुकले म्हणायची त्यांना सवय नव्हती. कुंदा म्हणाली, “मग आता आमी नुसता मार खायचा का?” प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, मार खायचा नाही. पाय जागेवर घट्ट रोवायचे, आधी जागा धरायची, समोरच्या मुलीला घुसायला वाट ठेवायची नाही. हे धक्क्यापेक्षा अवघड आहे, आणि शिकायला वेळ लागतो. आम्ही वेळ दिला.

दिवाळीनंतर काळे सर आणि मी मिळून एक उद्योग सुरू केला. महिन्यातून एका रविवारी, चर्चची उपासना आटोपून मी मोकळी झाले की दोन्ही संघांनी एकत्र खेळायचं, कधी आमच्याकडं, कधी नगरला. पंच नाही. जिच्याकडून फाऊल होईल तिनं स्वतः हात वर करायचा. पहिल्या रविवारी अर्धा तास कुणीच हात वर केला नाही. दुसऱ्या रविवारी दोघी एकाच वेळी हात वर करून “माझा, माझा” म्हणून वाद घालायला लागल्या. नगरच्या मुलींचे नेम आमच्या रिंगेवरून उडून शेजारच्या घासाच्या वाफ्यात जायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र जमायला लागलं. “ऊस आला” हे मुलींमध्ये प्रेमानं म्हटलं जाऊ लागलं. सगळं गोड झालं असं समजू नका. चिमटे, कुरबुरी चालूच होत्या, आणि नगरच्या एका मुलीनं कुंदाशी शेवटपर्यंत बोलणं टाकलं होतं. पण रिंगेखाली कुणी कुणाच्या खाली गेलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर रेश्मा अशा एका रविवारी बघायला आली. उन्हाळ्यात बॉल हातात घेतला. पावसाळ्यात तिचं नाव संघाच्या यादीत लागलं.

त्या सप्टेंबरात पुन्हा अंतिम सामना, पुन्हा तेच दोन संघ. जगताप रजा टाकून आले होते. धुतलेला पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी बाकावर बसले. काळे सरांनी पलीकडून पाहिलं आणि मान डोलावली. मी मुलींना सूचना दिल्या की जगताप थोडे पुढं झुकायचे आणि ऐकायचे. मध्यंतरापर्यंत ते एकदाच बोलले: “तुमच्या मंगलला पाणी द्या, तोंड सुकलंय तिचं.”

उत्तरार्धात शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना आम्ही दोन गुणांनी पुढं होतो. रेश्मा घुसली. मंगल आधीच जागा धरून उभी होती, पण शेवटच्या क्षणी तिचा पाय हलला. दोघी आदळल्या आणि रेश्मा खाली आली, उजव्याच बाजूवर.

मंगलचा हात पंचांच्या शिट्टीच्या आधी वर गेला होता. मी उठून रेषेपर्यंत गेले. सामना थांबवायचा, तिला बाहेर घ्यायला सांगायचं, असं काहीतरी डोक्यात होतं. मागून जगतापांचा आवाज आला.

“बाई, बसा. तिला बघू द्या स्वतःचं.”

मी वळून पाहिलं. दोन्ही हातांनी त्यांनी बाकाची कड धरली होती, बोटं पांढरी पडली होती, पण ते उठले नव्हते. कोर्टावर रेश्मानं मनगट फिरवून बघितलं, एकदा, दोनदा. मंगलनं हात दिला, तो धरून ती उठली आणि पंचांकडं बॉल मागितला. दोन फ्री थ्रो. दोन्ही आत. गुण बरोबरीचे.

शेवटी आम्ही तीन गुणांनी जिंकलो. शेवटच्या मिनिटाला कुंदानं लांबून टाकलेला बॉल आत गेला, लांबच्या नेमाला तीन गुण असतात; तो नेम आमच्या लहान रिंगेचं फळ होता, असं मी आजही मानते. मुली ओरडत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रेश्मा हिरमुसून कोर्टाच्या मध्ये उभी होती. मंगल तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलली आणि ती हसली.

ती जिंकलेली ढाल हेडमास्तरांनी ऑफिसात लावली. मंगल पुढं कॉलेजात खेळली, आता एका शाळेत तीच मुलींना खेळ शिकवते. रेश्मा दहावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि कॉलेजातही उजव्याच हातानं खेळत राहिली. माझ्या हातून नंतर चुका झाल्या नाहीत असं नाही, पण मुलींना करायला सांगितलेली गोष्ट त्यांच्या आईबापांसमोर सांगता येईल का, हे मी मनात तपासून बघायला शिकले.

त्या दिवशी निघताना जगताप माझ्याकडं आले. लेक हरलेली, तरी चेहरा मोकळा होता. डब्यातला उरलेला लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

“तुमचं ऐकून झालं. पुढच्या सामन्याला मी पलीकडं बसणार,” ते म्हणाले. “इथून पोरीची पाठच दिसते.”